जुन्या कॉम्प्युटरला नवीन ओएस टाकायचीय, पेनड्राईव्ह घेऊ की डीव्हीडी? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोपरखैरण्याला राहतो, नोकरी महापेला, आणि रविवारी ओळखीपाळखीतल्या लोकांची जुनी मशीन्स सुरू करून देतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून ऐरोली, घणसोली, कळवा, अगदी घोडबंदर रोडवरून पण लोक विचारायला लागलेत की दादा, हे मशीन फेकू का अजून चालेल. बऱ्याच जणांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातं. मशीन चांगलं असतं, डाउनलोड बरोबर असतो, पण ज्याच्यावरून बूट करायचं, म्हणजे मशीन सुरू करून नवीन ओएस (विंडोज किंवा लिनक्ससारखी सिस्टिम) टाकायची, तो पेनड्राईव्ह किंवा डीव्हीडी त्या मशीनच्या वयाला जुळत नाही. मग पेनड्राईव्ह चालत नाही म्हणजे कॉम्प्युटर गेला असं ठरवून तो भंगारात जातो, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

सुरुवात कुठून करू? आधी काय बघायचं?

मशीनचं वय. बाकी सगळं त्याच्यावरून ठरतं.

२०१२ च्या शेवटी विंडोज ८ आलं, त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बायोसच्या (मशीन चालू करताच सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) जागी त्याची नवी पिढी, यूईएफआय, असतं, तिथे पेनड्राईव्ह डोळे झाकून घ्या. २००६ ते २०११ मधलं म्हणजे कोअर टू ड्युओ किंवा पहिल्या-दुसऱ्या जनरेशनचा आय ३, आय ५ असेल तर पेनड्राईव्ह चालतो पण तो जुन्या पद्धतीने म्हणजे एमबीआर (डिस्कचे भाग मांडायची जुनी पद्धत) आणि बायोससाठी बनवावा लागतो. २००१ ते २००५ चा पेंटियम ४ असेल तर पेनड्राईव्हचा भरवसा नाही, सीडी मात्र हमखास चालते. त्याच्याही मागचं असेल तर सीडीवरून बूट करायची पद्धतच, एल टोरिटो नावाची, १९९५ मध्ये ठरली, त्यामुळे अगदी त्या काळातल्या मशीनला फ्लॉपीशिवाय सुरुवातच होत नाही.

विंडोज अजून चालू होत असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून एमएसइन्फो३२ टाका (इंग्रजी अक्षरात), त्यात बायोस मोड म्हणून एक ओळ दिसते, तिथे लेगसी लिहिलंय का यूईएफआय ते बघून घ्या. तिथेच वर प्रोसेसरचं नाव पण मिळतं. ते दोन्ही फोनवर फोटो काढून ठेवा, मला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मी आधी हा फोटो मागतो.

पेनड्राईव्ह कुठला घेऊ? १२८ जीबीचा चालेल ना?

नवीन मशीनला चालेल. जुन्याला ८ जीबीचा साधा यूएसबी २.० वाला घ्या, मोठा घेऊ नका. कारण असं की जुन्या बायोसला मोठी डिस्क मोजता येत नाही, काही बायोसची मर्यादा १३७ जीबीला संपते, काही त्याच्या कितीतरी आधी गोंधळतात, आणि मोठा पेनड्राईव्ह लावल्या लावल्या मशीन कंपनीच्या लोगोवरच अडकून बसतं. लोकांना वाटतं मदरबोर्ड गेला. पेनड्राईव्ह काढा, मशीन पुढे जातं.

हल्ली दुकानात ८ जीबीचा पटकन मिळत नाही, पण प्रत्येकाच्या घरी ड्रॉवरमध्ये एक जुना पडलेला असतोच, ऑफिसच्या कुठल्यातरी कार्यक्रमात वाटलेला, तोच शोधा. आणि स्वस्तातला नवीन घेतला असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या प्रोग्रॅमने तो पूर्ण भरून तपासून घ्या. काही पेनड्राईव्हवर ६४ जीबी छापलेलं असतं आणि आत खरी जागा खूपच कमी असते, त्यावर इन्स्टॉलर बनवला की अर्ध्यात फाइल खराब असल्याचा एरर येतो आणि दोष मात्र मशीनला लागतो.

पेनड्राईव्ह बूट मेनूत दिसतच नाही. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडा, मागे जो पोर्ट थेट मदरबोर्डला जोडलेला असतो तिथे लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर कित्येकदा निघालेली असते आणि आपल्याकडच्या दमट हवेत पिना हिरव्या पडलेल्या असतात. यूएसबी हब मधे नको, आणि निळा म्हणजे ३.० वाला पोर्ट सोडून काळ्या पोर्टला लावा.

दुसरं, बूट मेनूची कळ बरोबर दाबताय ना. डेल आणि लेनोवोला एफ १२, एचपीला एफ ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप आणि मदरबोर्डला एफ ८, गिगाबाइटला एफ १२, एमएसआयला एफ ११, इंटेलच्या बोर्डला एफ १०. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एफ १२ आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो, तोपर्यंत कितीही दाबला तरी काही होत नाही. कळ एकदा दाबून वाट बघू नका, मशीन चालू केल्या केल्या टिकटिक दाबत राहा.

तिसरी गोष्ट लोकांना कोणी सांगतच नाही. ऐरोलीच्या एका काकांचा असेंबल केलेला कोअर टू ड्युओ होता, काकांनी तीन पेनड्राईव्ह करून बघितले होते, बूट ऑर्डरमध्ये रिमूव्हेबल पहिलं केलं होतं, तरी मशीन थेट हार्डडिस्कवरच जायचं. मी पेनड्राईव्ह लावूनच मशीन चालू केलं, डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो आणि बूट ऑर्डरच्या खाली हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज नावाची वेगळी यादी होती ती उघडली. तिथे पहिल्या नंबरला काकांची १६० जीबीची डिस्क आणि दुसऱ्या नंबरला तो पेनड्राईव्ह. त्या बायोसच्या दृष्टीने पेनड्राईव्ह ही हार्डडिस्कच होती, त्यामुळे रिमूव्हेबल वर आणून काही फरक पडणार नव्हता. प्लसची कळ दाबून त्याला वर आणलं, एफ १० दाबून सेव्ह केलं, आणि पुढच्या मिनिटाला इन्स्टॉलर समोर. काका खुर्ची ओढून बाजूला बसले आणि म्हणाले, एवढंच होतं होय. तर लक्षात ठेवा, बायोसमध्ये जाताना पेनड्राईव्ह आधीच लावलेला पाहिजे, नाहीतर तो यादीत येतच नाही. काही बायोसमध्ये यूएसबी-एचडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एफडीडी असे तीनचार पर्याय दिसतात, त्यात बहुतेक वेळा यूएसबी-एचडीडी चालतं. आणि लेगसी यूएसबी सपोर्ट बंद असेल तर चालू करा.

पण इथेच पुढचा खड्डा आहे. पेनड्राईव्हला पहिली हार्डडिस्क केलं की इन्स्टॉलरला पण तीच पहिली डिस्क वाटते, आणि बूटलोडर (ओएस सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) हार्डडिस्कच्या ऐवजी पेनड्राईव्हवरच टाकला जाऊ शकतो. मग इन्स्टॉल नीट होतं, पेनड्राईव्ह काढला की मशीन चालू होत नाही, लावला की होतं. लिनक्स टाकताना ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, कुठे टाकू असं विचारतं तिथे डिस्कचं नाव आणि साइज बघूनच निवडा. विंडोजच्या बाबतीत जमेल तिथे बूट ऑर्डरला हात न लावता एफ १२ सारख्या तात्पुरत्या मेनूतूनच बूट करा.

बूट मेनूत दिसतो, निवडला तर काळी स्क्रीन आणि नुसता कर्सर लुकलुकतो.

पेनड्राईव्ह जीपीटी (एमबीआरच्या नंतरची नवी पद्धत) आणि यूईएफआयसाठी बनवलाय आणि मशीन जुनं बायोसवालं आहे, नव्वद टक्के हेच असतं असं मी म्हणेन. रुफसमध्ये (बूट होणारा पेनड्राईव्ह बनवायचा प्रोग्रॅम) पार्टिशन स्कीम एमबीआर करा, टार्गेट बायोस करा, आणि खाली अॅडव्हान्स्ड मध्ये जुन्या बायोससाठीच्या दुरुस्त्यांची एक टिकमार्क आहे ती लावून परत बनवा. लिनक्स असेल तर रुफस विचारतं की आयएसओ मोड का डीडी मोड, आधी आयएसओ मोड करून बघा, नाही झालं तर डीडी. काही मशीनला एक चालतं, काहींना दुसरं, त्यात आपल्या हातात काही नसतं.

मी आयएसओ फाइल पेनड्राईव्हवर कॉपी केली, तरी होत नाही.

नुसती कॉपी करून चालत नाही. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची बांधून ठेवलेली मोट आहे, ती रुफस किंवा एचरसारख्या प्रोग्रॅमने पेनड्राईव्हवर उलगडावी लागते. याला एकच अपवाद, वेंटॉय. त्याच्याबद्दल खाली.

मग रुफस, एचर का वेंटॉय?

मी स्वतः वेंटॉय वापरतो. पेनड्राईव्हवर एकदाच टाकायचं, मग आयएसओ फाइली साध्या कॉपी करून ठेवायच्या, बूट केलं की यादी येते आणि त्यातली हवी ती निवडायची. जुनं बायोस, यूईएफआय, दोन्हीकडे चालतं. चारपाच वेगवेगळी मशीन्स बघायची असली की याला तोड नाही.

पण एकच मशीन आहे आणि तेही २००८ च्या आसपासचं, तर रुफसने एकच आयएसओ टाकलेला पेनड्राईव्ह जास्त भरवशाचा, कारण मध्ये एक पायरी कमी. तुमच्याकडे रुफस चालवायला पण विंडोज ७ चंच मशीन असेल तर ३.२२ ही आवृत्ती घ्या, ४ पासून पुढचं रुफस विंडोज ७ वर उघडत नाही. एचर दिसायला सोपं आहे, लिनक्सला चांगलं, विंडोजची आयएसओ मात्र त्याने टाकू नका, बूट होत नाही.

विंडोजच्या आयएसओची अजून एक भानगड म्हणजे आतली इन्स्टॉल.विम फाइल हल्ली ४ जीबीच्या वर जाते, आणि फॅट३२ (पेनड्राईव्हच्या फॉरमॅटचा एक प्रकार) वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. हाताने फाइली कॉपी करणारे इथे अडकतात. रुफस यातून स्वतःच वाट काढतं.

डीव्हीडी आता कोण वापरतं? काय उपयोग तिचा?

मी वापरतो आणि माझ्या पिशवीत कायम चार कोऱ्या असतात. २००३-०४ च्या मशीनला डीव्हीडी किंवा सीडी हा मागे पडलेला मार्ग नाहीये, कित्येकदा तोच जास्त फास्ट असतो. हिशेब करून बघा. यूएसबी १.१ चा पोर्ट असेल तर त्याचा वेग १२ मेगाबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम एक एमबी, म्हणजे ४ जीबीचा इन्स्टॉलर वाचायलाच तासाच्या वर. तेच ८ एक्सचा डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला ११ एमबीच्या आसपास जातो आणि २४ एक्सची सीडी साडेतीन. कधीकधी पोर्ट २.० चा असतो पण बायोसमध्ये यूएसबी कंट्रोलर फुल स्पीडवर ठेवलेला असतो, नाव फुल स्पीड असलं तरी तो १२ मेगाबिटवालाच, त्याला हाय स्पीड करायचं. यूएसबी २.० स्टँडर्ड २००० साली आलं, पण सगळ्या बोर्डांवर पोचायला दोनतीन वर्षं गेली, तेव्हा २००३ पर्यंतच्या मशीनबद्दल शंका ठेवाच.

आता बर्न करण्याबद्दल. डीव्हीडी-आर घ्या, आरडब्ल्यू नको. आरडब्ल्यूचा थर प्रकाश कमी परावर्तित करतो, आणि पंधरा वर्षं जुन्या ड्राइव्हची लेझर आधीच दमलेली असते, तिला ते वाचता येत नाही. वेग ४ एक्स ठेवा, १६ ला केलेली डिस्क नवीन ड्राइव्हवर चालते आणि नेमकी जुन्यावर अडकते. बर्न झाल्यावर व्हेरिफाय ची टिक सोडू नका. आणि घरात पडलेल्या जुन्या कोऱ्या डिस्क उजेडात धरून बघा, पावसाळ्यात कडेने पांढरट डाग आलेले असतील तर त्या बाजूला काढा.

आधी एक खात्री करून घ्या, पुढे ट्रेवर नुसतं सीडी लिहिलंय का डीव्हीडी. बऱ्याच पेंटियम ४ मध्ये फक्त सीडी ड्राइव्ह असतो, त्याला ७०० एमबीच्या आतलं काहीतरी लागतं, डीव्हीडी घातली तर तो नुसता घुरघुरतो.

बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घेतला तर?

चांगला पर्याय, फक्त करंटकडे लक्ष द्या. जुना यूएसबी पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, डिस्क फिरायला लागली की स्लिम ड्राइव्हला त्याच्यापेक्षा जास्त लागू शकतो, मग तो कटकट आवाज करतो, फिरतो, थांबतो, परत फिरतो. दोन यूएसबी टोकांची वाय केबल असेल तर दोन्ही टोकं लावा.

सीडी ड्राइव्ह आहे, पेनड्राईव्ह पण आहे, पण बायोस यूएसबीवरून बूटच करत नाही.

प्लॉप बूट मॅनेजर वापरा. छोटीशी फाइल आहे, सीडीवर किंवा फ्लॉपीवर बसते. तिच्यात यूएसबीचा ड्रायव्हर स्वतःचा असतो, म्हणजे मशीन आधी सीडीवरून प्लॉप चालू करतं आणि मग प्लॉप पेनड्राईव्हवरून बूट करतो, बायोसला काही विचारायची गरजच पडत नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या एका क्लासच्या मशीनवर हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. प्लॉपची एक सीडी करून ठेवा, वर्षानुवर्षं कामाला येते.

सीडीवर मावेल असं काय टाकू?

लिनक्सचे हलके प्रकार, म्हणजे पपी लिनक्स, अँटीएक्सच्या छोट्या आवृत्त्या, टाइनी कोअर तर २५ एमबीच्या आत आहे. डेबियन हेही लिनक्सच, त्याची नेटइन्स्टॉल इमेज पण छोटी असते, बाकीचं ती नेटवरून ओढते, फक्त लॅनची केबल लावा, जुन्या वायफाय कार्डांवर विसंबू नका. डाउनलोड करायच्या आधी साइज बघा, ७०० एमबीच्या वर गेली असेल तर डीव्हीडी लागणार.

ज्यांचा जुना प्रोसेसर ३२-बिट आहे त्यांनी हे लक्षात घ्या की उबुंटू या लिनक्सने ३२-बिट डेस्कटॉप इमेज १७.१० पासूनच बंद केली, आणि डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं त्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. म्हणून डेबियन १२ किंवा त्यावरचं अँटीएक्स घ्या. ६४-बिट आयएसओ ३२-बिट मशीनला लावली तर स्क्रीनवर एक्स८६-६४ पाहिजे अशी सरळ ओळ येते, त्याचा अर्थ पेनड्राईव्ह बिघडला असा नाही.

विंडोज एक्सपी टाकायचंय, जुन्या मशीनला जोडलेलं उपकरण त्याच्यावरच चालतं.

असे लोक येतात, लेथवाले, लॅबवाले, एमआयडीसीतले. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, तेव्हा त्या मशीनला इंटरनेट जोडू नका, बास. मीडिया म्हणाल तर ओरिजिनल सीडीच, पेनड्राईव्हवरून एक्सपी टाकायची सोय मुळात नाही, जुगाड करून होतं पण मध्येच रुसतं. इन्स्टॉल सुरू होताना निळी स्क्रीन आणि शेवटी ७बी असा कोड आला की घाबरू नका, एक्सपीकडे साटा डिस्कच्या एएचसीआय मोडचा ड्रायव्हर नसतो. पूर्वी त्यासाठी एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचे. सोपं म्हणजे बायोसमध्ये साटा मोड आयडीई (जुन्या डिस्कची पद्धत) करा.

काहीच चालत नाही, यूएसबी नाही, सीडी ड्राइव्ह मेलेला.

हार्डडिस्क काढा, चालू मशीनला लावा, तिथे लिनक्स इन्स्टॉल करा आणि परत जागच्या जागी बसवा. लिनक्स दुसऱ्या मशीनवर टाकलेलं असलं तरी बहुतेक वेळा बिनतक्रार चालू होतं. विंडोजला हे बऱ्याचदा मानवत नाही, त्याला ज्या मशीनवर राहायचं तिथेच इन्स्टॉल केलेलं बरं.

यात एकच धोका आहे पण तो मोठा आहे, चुकून चालू मशीनचीच डिस्क फॉरमॅट होऊ शकते. म्हणून त्या मशीनची स्वतःची डिस्क आधी काढून बाजूला ठेवा, यादीत फक्त एकच डिस्क दिसली पाहिजे. रुंद चपटी केबल असलेली आयडीई डिस्क असेल तर मागच्या छोट्या जंपरकडे बघा, एकटी असेल तर मास्टरला ठेवा.

शाळेत बारा मशीन्स आहेत, प्रत्येकाला पेनड्राईव्ह लावत बसू?

नको. नेटवर्क बूट करा, म्हणजे केबलवरून दुसऱ्या मशीनमधल्या फाइली घेऊन सुरू करायचं, त्याला पीएक्सई म्हणतात. एका लॅपटॉपवर डीएनएसमास्क (मशीन्सना आयपी पत्ते आणि फाइली देणारा प्रोग्रॅम) आणि फाइली ठेवायच्या, सगळी मशीन्स स्विचला केबलने जोडायची आणि एफ १२ दाबून नेटवर्कवरून बूट करायचं. कळव्याच्या एका लॅबमध्ये आम्ही एका दुपारी बारापैकी अकरा केली, बाराव्याची रॅम सैल होती. राउटर आधीच आयपी वाटत असेल तर डीएनएसमास्क प्रॉक्सी मोडमध्ये ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांच्या पायात येतात आणि ऑफिसमधल्या मशीन्सचं नेट जातं. वायफायवरून हे होत नाही. लॅन कार्डला नेटवर्क बूट येत नसेल तर आयपीएक्सई (नेटवर्क बूटचाच छोटा प्रोग्रॅम) सीडीवर टाकून तिथून सुरुवात करा. दोनतीन मशीन्ससाठी मात्र एवढी खटपट करू नका, मांडणी करण्यातच अर्धा दिवस जातो.

छोटा टॅबलेट-लॅपटॉप आहे, प्रोसेसर ६४-बिट पण ६४-बिट पेनड्राईव्ह दिसत नाही.

अॅटम बे ट्रेल प्रोसेसरवाला असणार, २०१३-१५ मधला. त्यातल्या बऱ्याच मशीन्समध्ये प्रोसेसर ६४-बिट आणि यूईएफआय ३२-बिट अशी विचित्र जोडी आहे, आणि ते बूटआयए३२ नावाची फाइल शोधतं जी बऱ्याच आयएसओत नसते. वेंटॉय यावर चालतो. २००६-०७ च्या पहिल्या इंटेल मॅकचं पण दुखणं हेच, तिथे मी सरळ डीव्हीडी वापरतो, चालू करताना ऑप्शनची कळ धरून ठेवायची.

कोअर टू ड्युओवर विंडोज ११ टाकता येईल का, काहीतरी ट्रिक करून?

विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असाव्याच लागतात, कोअर टू ड्युओत त्या नाहीत, त्यामुळे ते बूटच होत नाही. रुफसची टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) टाळायची टिक इथे काही करू शकत नाही. अशा मशीनला एसएसडी टाका, रॅम ४ जीबी करा आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती द्या. ब्राउझर, पत्रं, मुलांचा अभ्यास, सगळं होतं.

सगळं बरोबर केलं तरी मशीन प्रत्येक वेळी बूट ऑर्डर विसरतं. इन्स्टॉलर पण नेटवरून फाइली घेत नाही.

घड्याळ बघा. २००५ किंवा २००९ अशी काहीतरी तारीख दाखवत असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. सेल नसला की बायोस सगळं विसरतं. आणि तारीख मागची असली की नेटवरची सर्टिफिकेटं अजून सुरूच झाली नाहीत असं मशीनला वाटतं, त्यामुळे डाउनलोड नाकारलं जातं, पॅकेजच्या सह्या चुकीच्या दाखवतं. लोक दोनदोनदा पेनड्राईव्ह बनवतात, आयएसओ परत उतरवतात, आणि दोष असतो त्या नाण्याएवढ्या सेलचा. कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. मी आता कुठलंही जुनं डेस्कटॉप उघडलं की आधी सेल बदलतो, मगच पुढचं.

आयएसओ नीट उतरलीय हे कसं कळणार?

डाउनलोडच्या पानावर एसएचए२५६ चा लांबलचक आकडा दिलेला असतो. आपल्या फाइलचा आकडा काढून दोन्ही जुळवा, विंडोजमध्ये सर्टयुटिलने निघतो, लिनक्समध्ये एसएचए२५६समने. सगळी अक्षरं जुळली पाहिजेत, सुरुवातीची चार बघून सोडू नका. मोबाइल हॉटस्पॉटवर उतरवलेल्या फाइलींना तर हे कराच. आणि आयएसओ मूळ साइटवरूनच घ्या, टेलिग्रामवरून आलेली, आधीच अॅक्टिव्हेट केलेली विंडोज मी कोणाच्याच मशीनवर टाकत नाही.

मध्येच लाइट गेली तर?

जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, म्हणजे तो डेस्कटॉपच समजा. यूपीएसवर लावून करा, आणि मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला वादळी संध्याकाळी हे काम काढू नका. पेनड्राईव्हला काही होत नाही, इन्स्टॉल परत पहिल्यापासून करावं लागतं एवढंच. बायोस अपडेट चालू असताना गेली तर मात्र बोर्ड जाऊ शकतो, म्हणून गरज नसताना बायोस अपडेट करू नका.

विंडोज चालू होत नाही, पण आत फोटो आहेत. सगळं जाईल का?

इन्स्टॉल नंतर, आधी फोटो. बूट मीडियाचा माझ्या मते हाच सगळ्यात मोठा उपयोग आहे.

वाशीच्या एका मावशींचा लॅपटॉप आला होता, विंडोज लोगोवर फिरत राहायचं आणि आत यजमानांचे शेवटच्या वर्षातले फोटो. मुलगा म्हणत होता फॉरमॅट मारून द्या. मी पपी लिनक्सची सीडी लावली, पपी अख्खं रॅममध्ये चढतं, त्यामुळे चालू झाल्यावर सीडी काढून घेतली तरी चालतं आणि हार्डडिस्कला हात लागत नाही. डिस्क उघडली, युजर्समधलं फोल्डर शोधलं, आणि एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी लावली. डिस्क थोडी खराब होती, मधेच थांबायची, तिला ढकलत ढकलत तीन तास गेले. मावशी तिथेच बसून होत्या, स्क्रीनवर फाइलींची नावं सरकत होती ती वाचत होत्या.

तुम्ही करताना एवढं सांभाळा. विंडोज हायबरनेट झालेलं असेल तर लिनक्स ती डिस्क फक्त वाचायला देतं, तेच हवंय, जबरदस्ती करू नका. डिस्कमधून खट खट आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की शोधून ठेवा. आणि कॉपी झाल्यावर ती एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या मशीनला लावून निदान वीसपंचवीस फोटो उघडून बघा, नुसती फाइलींची नावं दिसली म्हणून समाधान मानू नका. मावशींचे फोटो मी माझ्या लॅपटॉपवर त्यांच्यासमोर उघडले, आणि त्या हो म्हणाल्यावरच इन्स्टॉलरचा पेनड्राईव्ह लावला.